दौलतींचे आयुर्मान : इब्न खल्दूनच्या इतिहासचिंतनाची प्रस्तावना

राज्ये उदयास का येतात, आणि वैभवाच्या ऐन शिखरावर असताना त्यांच्या पायाखालची जमीन का सरकू लागते, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरेही तितकीच जुनी आहेत. कोणी ती ईश्वरी कोपात शोधली, कोणी ग्रहदशेत, कोणी एखाद्या राजाच्या व्यसनासक्तीत, तर कोणी एखाद्या सरदाराच्या फितुरीत. या सर्व उत्तरांत एक समान उणीव आहे. ती एका राज्याच्या नाशाचे निमित्त सांगतात. परंतु एकामागून एक अनेक राज्ये, राजे निराळे, दोष निराळे, शत्रू निराळे असतानाही, जवळजवळ त्याच पायऱ्यांनी खाली का उतरतात, याचा उलगडा त्यांनी होत नाही. हा उलगडा पद्धतशीरपणे करण्याचा पहिला मोठा प्रयत्न इ. स. 1377 मध्ये, आजच्या अल्जीरियातील एका एकाकी गढीत बसून, राजकारणातून अंग काढून घेतलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या एका मुत्सद्द्याने केला. त्याचे नाव अब्दुर्रहमान इब्न खल्दून. इटलीतील व्हिकोचा ग्रंथ 1725 सालचा, गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड 1776 सालचा, आणि श्पेंग्लर व टॉयन्बी हे तर विसाव्या शतकातले. म्हणजे संस्कृतींच्या उदयास्तांचा विचार करणारे म्हणून जी नावे आज आदराने घेतली जातात, त्या सर्वांच्या कितीतरी आधी हा मनुष्य तोच प्रश्न घेऊन बसला होता. टॉयन्बीने आपल्या महाग्रंथाच्या 1934 साली निघालेल्या तिसऱ्या खंडात त्याला या विषयातील सर्वश्रेष्ठ स्थान दिले, आणि ते देताना हातचे काही राखले नाही.

आपल्याकडे गिबनचे नाव शिक्षित घरांत शंभर वर्षांपूर्वीच पोहोचले. इब्न खल्दूनचे मात्र पोहोचले नाही. आपली इतिहासविद्या इंग्रजी शाळांतून आली आणि त्या शाळांना जे पूर्वज ठाऊक होते तेच आपल्याही ओळखीचे झाले, हे त्याचे उघड कारण आहे. वस्तुतः त्याने वर्णिलेले जग मराठी वाचकाला गिबनच्या रोमपेक्षा पुष्कळच जवळचे वाटावे. दिवाण आणि खजिना, वसूल आणि जकात, काझीची कचेरी आणि दरबारचा खलिता, नेमणूक, बडतर्फी, नजरकैद आणि पुन्हा मेहेरनजर, हे सारे आपल्या बखरींच्या आणि रुमालांच्या जगाशी इतके मिळतेजुळते आहे की, ट्यूनिस आणि फेज या शहरांच्या जागी विजापूर आणि अहमदनगर ही नावे घातली तरी कित्येक प्रसंग तसेच्या तसे उभे राहतील. त्याच्या ग्रंथातील निवडक प्रकरणे मराठीत वाचकांपुढे ठेवताना त्या प्रकरणांच्या कर्त्याचे आयुष्य, त्याची विचारपद्धती आणि तिच्या मर्यादा यांची थोडी विस्ताराने ओळख करून देणे मला म्हणूनच आवश्यक वाटते.

त्याचे आयुष्य प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्याचा सिद्धान्त ग्रंथालयात जन्मलेला नाही. त्याचे घराणे मूळचे दक्षिण अरबस्तानातील हद्रमौतचे. पुढे ते स्पेनमध्ये सेव्हिल येथे नांदले, आणि 1248 साली ते शहर कॅस्टीलच्या ख्रिस्ती राजाच्या हाती पडण्यापूर्वी वतनवाडी सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले. घराण्यात दरबारी चाकरी पिढीजात होती आणि तिच्यातील धोकेही पिढीजात होते; त्याच्या पणजोबाचा अंत ट्यूनिसच्या राजक्रांतीत छळ होऊन झाला, आणि वडिलांनी राजकारण सोडून विद्याव्यासंग पत्करला. अब्दुर्रहमानचा जन्म 27 मे 1332 रोजी ट्यूनिसमध्ये झाला. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना आशिया आणि युरोप या दोन्ही खंडांना उजाड करणारी प्लेगची महामारी ट्यूनिसला आली. तिने त्याचे आईवडील नेले, त्याचे बहुतेक गुरू नेले. वयाच्या विशीत, ज्या वेळी सामान्य विद्यार्थी गुरुगृही असतो त्या वेळी, तो ट्यूनिसच्या सुलतानाच्या दफ्तरात राजपत्रांवर ईशस्तुतीचे ठराविक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिण्याच्या कामावर लागला. शिवशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब करणाऱ्याचे जे काम, त्याच जातीचे हे काम होते. तेथून पुढची सुमारे तेवीस वर्षे हा मनुष्य ज्या वेगाने धनी बदलत गेला तो पाहून त्याच्या निष्ठेविषयी शंका घेणारे समीक्षक झाले आहेत, आणि ती शंका अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

तो काळच तसा होता. अकराव्या शतकात सहाराच्या वाळवंटातून अल्-मुराबितांची लाट उठली आणि तिने मोरोक्को व स्पेन व्यापले. शंभर वर्षांच्या आत ॲटलास पर्वतातील मस्मूदा जमातींच्या बळावर अल्-मुवाहिद उठले आणि त्यांनी 1147 साली मराकेश घेऊन पहिल्यांना पुसून टाकले. पुढे झनाता जमातीच्या मरीनी घराण्याने 1269 साली त्याच मराकेशमध्ये अल्-मुवाहिदांचा शेवट केला. इब्न खल्दून वयात आला तेव्हा अल्-मुवाहिदांच्या साम्राज्याच्या वारशासाठी फेजचे मरीनी, त्लेम्सेनचे अब्दुल्-वादी आणि ट्यूनिसचे हफ्सी ही तीन घराणी एकमेकांशी झुंजत होती, आणि प्रत्येक घराण्यात पुन्हा भाऊ भावाशी, वजीर सुलतानाशी झुंजत होता. फेजच्या सुलतान अबू इनानने त्याला पंडितसभेत घेतले आणि 1357 साली कटाच्या संशयावरून कैदेत टाकले. एकवीस महिन्यांनी सुलतान मेला तेव्हा तो सुटला. ग्रॅनडाच्या सुलतानाने 1364 साली त्याला सेव्हिलला पेद्रो राजाकडे वकील म्हणून पाठवले, आणि त्या राजाने, तो आपल्या पदरी राहिल्यास त्याच्या पूर्वजांची मालमत्ता परत करण्याचे कबूल केले. त्याने ते नाकारले. बिजायाच्या अमिराने त्याला हाजिब, म्हणजे सर्वाधिकारी कारभारी, केले. एका वर्षातच तो अमीर चुलतभावाशी लढताना मारला गेला आणि शहराच्या किल्ल्या विजेत्याच्या हाती देण्याचे काम याच कारभाऱ्याच्या वाट्यास आले. नंतरची कित्येक वर्षे तो बिस्क्राच्या आसपास राहून, कधी या सुलतानासाठी तर कधी त्या सुलतानासाठी, वाळवंटातील अरब जमातींची शिबंदी जमवून देत होता. ग्रॅनडाचा विख्यात वजीर आणि साहित्यिक इब्नुल् खतीब, जो त्याचा स्नेही होता, त्याला फेजच्या तुरुंगात गळा दाबून मारण्यात आले.

या वृत्तान्तात ज्याला केवळ संधिसाधूपणा दिसेल, त्याला त्याच्या ग्रंथाचे रहस्य कळणार नाही असे माझे मत आहे. राजवाड्यात बसून जो इतिहास लिहितो त्याला जमात दिसत नाही, आणि जमातीत जो वाढतो त्याला खजिन्याचा हिशेब दिसत नाही. इब्न खल्दूनने दोन्ही पाहिले. डोंगरातल्या बर्बर जमातींकडून वसूल गोळा करताना शस्त्राच्या धाकाखेरीज दमडी निघत नाही, हे त्याने स्वतः अनुभवले, आणि ज्या तंबूंतून लढाऊ माणसे मिळत तेथील माणूस सुलतानाच्या पगारी शिपायाहून कोणत्या धातूचा वेगळा घडलेला असतो, हेही त्याने अनेक वर्षे त्यांच्यात राहून पाहिले. 1375 साली औलाद आरिफ या जमातीच्या आश्रयाने तो कल्अत इब्न सलामा नावाच्या गढीत सहकुटुंब जाऊन राहिला आणि जवळजवळ चार वर्षे तेथे राहिला. पश्चिमेकडील मुसलमानी राज्यांचा इतिहास लिहावा हा त्याचा संकल्प होता. परंतु इतिहास लिहिण्यापूर्वी इतिहासातील खरे-खोटे कशावरून ओळखावे, याचा विचार करणे त्याला भाग पडले, आणि तो विचारच इतका वाढला की त्याचा एक स्वतंत्र ग्रंथ झाला. त्याचे नाव ‘मुकद्दमा’. त्याचा पहिला खर्डा त्याने पाच महिन्यांत पुरा केला. तेथे ग्रंथसंग्रह जवळ नव्हता, म्हणून पुढे तो ट्यूनिसला आणि नंतर कैरोला गेला, आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या ग्रंथात भर घालीत राहिला.

ग्रंथाच्या आरंभी त्याने पूर्वसूरींची जी झडती घेतली आहे, ती आजच्या संशोधकानेही वाचण्यासारखी आहे. मसऊदीसारख्या नामांकित इतिहासकाराने लिहून ठेवले होते की, मूसाने वाळवंटात इस्रायली लोकांची खानेसुमारी केली तेव्हा शस्त्र धरण्याजोगे पुरुष सहा लक्ष किंवा त्याहून अधिक भरले. इब्न खल्दून विचारतो, याकूबपासून मूसापर्यंत पिढ्या किती, आणि इतक्या थोड्या पिढ्यांत एका कुटुंबाचा विस्तार एवढा कसा होईल? एवढे सैन्य उभे राहील तर त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाला दिसणार नाही, मग ते लढेल कसे, आणि त्याला पोसणारा मुलूख कोणता? बगदादच्या हारून-अल्-रशीदने 803 साली आपल्या बर्मकी वजिरांचा एकाएकी उच्छेद का केला, याची कथा सर्वत्र अशी सांगितली जाई की, जाफर बर्मकी आणि खलिफाची बहीण अब्बासा यांच्या गुप्त प्रेमप्रकरणाने तो संतापला. ही कथा तो बाजूस सारतो आणि म्हणतो, बर्मकींनी राज्याचा सगळा वसूल आपल्या हाती घेतला होता, थोडी रक्कम हवी असली तरी खलिफाला ती सहज मिळत नसे, प्रत्येक मोठी जागा त्यांच्या नातलगांनी आणि आश्रितांनी अडवली होती. त्यांचा नाश याने ओढवला. अंतःपुरातील कथा सोडून खजिन्याकडे वळणारी ही दृष्टी चौदाव्या शतकातील आहे, हे वाचताना सारखे स्मरणात ठेवावे लागते.

याच प्रकरणात आपल्या देशाशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आहे. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानातून मोरोक्कोला परतल्यावर अबू इनानच्या दरबारात महंमद तुघलकाच्या कथा सांगत असे. म्हणजे ज्याने देवगिरीचे दौलताबाद करून दिल्लीची राजधानी तेथे नेली, त्याच सुलतानाच्या. सुलतान मोहिमेवर निघताना राजधानीतील सर्व लोकांची गणती करून त्यांना सहा महिन्यांचे अन्न खजिन्यातून देतो, आणि परतताना हत्तींवर चढवलेल्या यंत्रांतून लोकांवर मोहरांच्या थैल्या उधळतो, असे त्याने सांगितले तेव्हा फेजचे दरबारी लोक त्याला थापाड्या म्हणू लागले. तरुण इब्न खल्दूननेही वजीर फारिस याच्याजवळ आपला अविश्वास बोलून दाखवला. त्यावर वजिराने त्याला एक कथा ऐकवली. एक वजीर मुलासह बंदिवासात पडला; मुलगा तेथेच वाढला. जेवणात येणाऱ्या मांसाविषयी तो विचारी, आणि बाप मेंढीचे वर्णन करी, तेव्हा मुलगा म्हणे, म्हणजे ती उंदरासारखी असते का? कारण तुरुंगात त्याने उंदराखेरीज दुसरा प्राणी पाहिलाच नव्हता. या कथेपासून इब्न खल्दूनने जो बोध घेतला तो फार तोलाचा आहे. जे ऐकिवात येईल ते सर्व खरे मानणे जसे चूक, तसेच जे आपण पाहिले नाही ते सर्व खोटे मानणेही चूक. मनुष्यसमाजाच्या स्वभावात काय संभवते आणि काय संभवत नाही, याचे ज्ञान हीच खरी कसोटी. त्या ज्ञानालाच त्याने ‘उम्रान’ची, म्हणजे मनुष्यवस्तीची आणि समाजजीवनाची विद्या म्हटले, आणि ही विद्या नवी आहे, आपल्यापूर्वी कोणी ती मांडलेली नाही, असे तो स्पष्टपणे सांगतो.

या विद्येचा कणा ‘असबिय्या’ ही कल्पना आहे. तिला या मराठी अनुवादात संघभाव म्हटले आहे. एका रक्ताची, किंवा आश्रयाने आणि शपथेने एक झालेली माणसे परस्परांसाठी जिवावर उदार होतात, त्या भावाला तो हे नाव देतो. हा भाव वाळवंटात आणि डोंगरात प्रबळ असतो, कारण तेथे तटबंदी नसते, कोतवाल नसतो, आणि शेजाऱ्याच्या तलवारीखेरीज दुसरे संरक्षण नसते. ज्या जमातीचा संघभाव सर्वांत बलवान, ती इतरांना आपल्यात ओढून घेते आणि कधीतरी म्हाताऱ्या झालेल्या राज्यावर चालून जाते. धर्माची हाक या बळाला कित्येक पटींनी वाढवते. परंतु ज्याच्यामागे संघभाव नाही त्याची धर्माची हाकही रस्त्यातच विरून जाते, असे तो धर्मनिष्ठ मुसलमान असूनही निःशंकपणे लिहितो. मग राज्य मिळते, आणि येथेच त्याच्या विचाराचा गाभा आहे. राज्य ज्या गुणाने मिळते, राज्य मिळताच त्या गुणाची गरज संपते. काल जो आपल्या भावांत पहिला होता तो आज एकटा राजा होऊ पाहतो. ज्या भाऊबंदांनी त्याला गादीवर बसवले त्यांचाच त्याला अडथळा वाटू लागतो. त्यांना दूर करून तो परके, आश्रित, पगारी शिपाई जवळ करतो. पहिली पिढी तंबूतील कणखरपणा विसरत नाही. दुसरी त्याची आठवण बाळगते. तिसरी तंबू ऐकूनही ओळखत नाही, आणि तिला वाटते की सत्ता हा आपल्या घराण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. चाळीस वर्षांची एक पिढी धरून तो दौलतीचे आयुष्य सामान्यतः एकशेवीस वर्षांचे ठरवतो.

हा आकडा त्याच्या वाचकांना फार मोहात पाडतो. वास्तविक तो स्वतःच ‘सामान्यतः’ म्हणतो, आणि बाहेरून हल्ला करणारा कोणी नसेल तर म्हातारी दौलत पुष्कळ काळ तशीच रेंगाळू शकते हेही सांगतो. त्याहून मोलाची गोष्ट ही की, ऱ्हासाचे खापर त्याने कोणा एका नादान राजावर फोडले नाही. विलास हा दोष नसून परिणाम आहे. नगर, कला, विद्या, उत्तम वस्त्र, उत्तम अन्न, ज्यांच्यासाठी मनुष्य राज्य मिळवतो, त्याच गोष्टी राज्य मिळवणाऱ्याचा हात सैल करतात. त्याने संस्कृतीचा तिरस्कार केला नाही. तो स्वतः ग्रॅनडाच्या दरबारात रमलेला, सुंदर गद्याचा आणि संगीताचा जाणकार मनुष्य होता. पण संस्कृतीची किंमत कोणत्या नाण्यात चुकवावी लागते ते त्याने लपवले नाही, आणि या प्रामाणिकपणात जे दुःख आहे ते त्याच्या शांत वाक्यांच्या खाली सतत जाणवत राहते.

माझ्या मते ग्रंथातील सर्वोत्कृष्ट प्रकरणे वसुलासंबंधीची आहेत. दौलतीच्या आरंभी सारा हलका असतो आणि वसूल भरपूर येतो. अखेरीस सारा जबर असतो आणि वसूल आटतो, हा त्याचा निष्कर्ष. याचे कारण तो पुढील क्रमाने उलगडतो. नवे राज्यकर्ते साधे असतात, त्यांचा खर्च थोडा असतो, शरीअतीने ठरवून दिलेल्या करांपलीकडे ते जात नाहीत. त्यामुळे रयतेला कष्टाचे फळ हाती राहते, ती नवी जमीन लागवडीस आणते, आणि कर देणारे हात वाढतात. पुढे दरबारचा थाट वाढतो, फौज पगारी होते, मग प्रत्येक पिढी मागल्यापेक्षा थोडा अधिक कर बसवते. ही वाढ इतकी हळूहळू होते की ती नेमकी कोणी केली हे कोणाला सांगता येत नाही. शेवटी बाजारात, वेशीवर, प्रत्येक मालावर जकात बसते, आणि एक दिवस कष्ट आणि फळ यांचा हिशेब मांडून रयत हात आवरते. तोटा भरून काढण्यासाठी सुलतान स्वतः व्यापारात उतरतो, आणि ही गोष्ट तर तो सर्वांत घातक मानतो; कारण ज्याच्या हाती सत्ता आहे तो खरेदी करताना पाडून घेतो आणि विकताना लादतो, त्याच्याशी स्पर्धा करणारा व्यापारी बुडतो, आणि त्या व्यापाऱ्याकडून येणारी जकातही बुडते. सर्वांत मोठ्या जुलमांपैकी एक म्हणून तो वेठबिगारीचे नाव घेतो, कारण मनुष्याचे श्रम हेच त्याचे भांडवल आहे आणि ते फुकट घेणे म्हणजे त्याचे सर्वस्व घेणे होय.

जुलमाने मनुष्यवस्तीच नष्ट होते हे सांगताना त्याने मसऊदीच्याच ग्रंथातून इराणच्या बहराम राजाची एक आख्यायिका घेतली आहे. राजाने घुबडांचा आवाज ऐकून मोबेदला, म्हणजे आपल्या मुख्य धर्माधिकाऱ्याला, त्याचा अर्थ विचारला. तो म्हणाला, नर घुबड मादीला मागणी घालीत आहे आणि ती लग्नाची अट म्हणून या राजाच्या काळात उजाड झालेली वीस गावे मागत आहे. नर म्हणतो, हाच राजा राहिला तर हजार देईन. मग एकांतात मोबेदने राजाला समजावले की, शेतसारा देणाऱ्यांच्या जमिनी काढून तू त्या दरबारातील माणसांना वाटल्यास, त्यांनी त्या पडीक टाकल्या, आणि राहिलेल्यांवर भार वाढला म्हणून तेही परागंदा झाले. राजाने जमिनी मूळ धन्यांना परत दिल्या, असा कथेचा शेवट आहे.

हे वाचताना मराठी वाचकाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील इजाऱ्याची पद्धत आठवल्याशिवाय राहणार नाही. जास्तीत जास्त रक्कम बोलणाऱ्याला मामलत मिळायची, तो ती पोटइजाऱ्याने पुढे विकायचा, आणि शेवटचा बोजा कुणब्यावर पडायचा. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे दुष्परिणाम नोंदवले आहेत. साम्य खरे आहे आणि ते बोधप्रदही आहे. परंतु येथून पुढे जाऊन, शिवराज्याभिषेकाच्या 1674 पासून 1818 पर्यंतची वर्षे मोजून, त्यांत तीन-चार पिढ्या बसवून, सगळा मराठी इतिहास इब्न खल्दूनच्या साच्यात ओतण्याचा जो मोह होईल तो आवरला पाहिजे. मावळचा कुणबी आणि देशमुख हे वाळवंटातील भटक्या जमातीचे लोक नव्हते; ते जमिनीशी आणि वतनाशी बांधलेले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या उदयामागे संतांनी केलेली दीर्घ मानसिक सिद्धता दाखवली. तसा संघभाव, जो रक्ताने नव्हे तर एका भाषेतल्या भक्तीने जोडला गेला, त्याला इब्न खल्दूनच्या योजनेत पुरेशी जागा नाही. त्याचे प्रश्न आपण अवश्य उसने घ्यावेत. उत्तरे मात्र आपल्या दप्तरांतूनच काढली पाहिजेत.

त्याच्या मर्यादा आणखीही आहेत आणि त्या झाकणे हा त्याचा सन्मान नव्हे. जगाचे सात हवामानपट्टे कल्पून, हवामानावरून माणसांचे स्वभाव ठरवताना त्याने सहाराच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय लोकांविषयी जे लिहिले ते अज्ञानमूलक आणि अन्यायाचे आहे. अरब जेथे जातात तेथे विध्वंस करतात, असे जे त्याने म्हटले, त्यात त्याच्या मनात भटके बदू होते. पण अल्जीरिया जिंकल्यानंतर फ्रेंच लेखकांनी ते वाक्य अरब आणि बर्बर यांच्यात कायमची भिंत घालण्यासाठी राबवले. शिवाय मुकद्दमेनंतर आलेला त्याचा जो मोठा इतिहास, ‘किताबुल् इबर’, त्यात त्याने घालून दिलेली कसोटी सर्वत्र लावलेली आढळत नाही. बर्बर जमातींचा भाग सोडला तर पुष्कळ ठिकाणी तो पूर्वसूरींचीच री ओढतो. आणि इलाज? तो जवळजवळ सांगतच नाही. दौलतीचे वार्धक्य हा नैसर्गिक आजार आहे, तो बरा होत नाही, आणि विझण्यापूर्वी वात जशी मोठी होते तसे अखेरीस तिला क्षणभर तेज येते, एवढे लिहून तो पुढे जातो. यावरून त्याला नियतिवादी म्हणण्याची घाई करू नये. श्पेंग्लरच्या मते प्रत्येक संस्कृती आपल्या आयुष्यासह संपूर्ण मरते. इब्न खल्दूनच्या मते मरतात त्या दौलती. सुतारकाम, वैद्यक, गणित, ग्रंथलेखन या विद्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात आणि पुरेशी वस्ती व पुरेशी शांतता मिळाली की पुन्हा रुजतात. त्याच्या काळी बगदाद आणि कॉर्दोवा उजाड झाले होते, पण कैरो भरभराटीत होते, हे त्याने स्वतः पाहिले.

त्या कैरोत त्याचे उत्तरायुष्य गेले. 1382 साली तो पश्चिम सोडून निघाला. 1384 साली सुलतान बर्कूकने त्याला मालिकी पंथाचा मुख्य काझी नेमले. त्याच वर्षी ट्यूनिसहून येणारे त्याचे कुटुंब अलेक्झांड्रियाजवळ जहाज फुटून बुडाले. खोट्या साक्षी आणि वशिले यांच्याविरुद्ध कडक वागल्याने त्याने शत्रू केले, आणि बडतर्फी व पुनर्नियुक्ती यांच्या फेऱ्यात तो एकंदर सहा वेळा त्या पदावर आला. 1401 च्या जानेवारीत तैमूरने दमास्कसला वेढा दिला. इजिप्तचा तरुण सुलतान सैन्यासह माघारी गेला आणि अडुसष्ट वर्षांचा इब्न खल्दून शहरात अडकला. त्याला तटावरून दोरांनी खाली सोडण्यात आले आणि तो तैमूरच्या छावणीत गेला. तेथे तो सुमारे पस्तीस दिवस होता. दुभाष्यामार्फत त्यांचे संभाषण चाले, आणि सत्ता संघभावातूनच निर्माण होते हा आपला सिद्धान्त त्याने तैमूरला समजावून सांगितला. ज्या शक्तीविषयी त्याने गढीत बसून लिहिले होते, ती त्याच्यासमोर तंबूत बसली होती. तैमूरने त्याच्याकडून उत्तर आफ्रिकेचे सविस्तर वर्णन लिहून घेतले. त्याने ते दिले, आणि आपल्या आत्मवृत्तात ही भेट कोणतेही समर्थन न करता नोंदवून ठेवली. दमास्कस मात्र वाचले नाही; ते लुटले गेले आणि तेथील मोठी मशीद जळाली. 17 मार्च 1406 रोजी तो कैरोत वारला.

त्याचा सिद्धान्त पुढे नेईल असा संप्रदाय त्याला लाभला नाही. मक्रीझीसारखा एक मोठा इतिहासकार त्याच्या हाताखाली तयार झाला. ऑटोमन तुर्कांनी आपल्या साम्राज्याची उतरण सुरू झाल्याची शंका येताच त्याचा ग्रंथ हाती घेतला आणि अठराव्या शतकात त्याचा मोठा भाग तुर्कीत नेला. मुकद्दमेच्या छापील आवृत्त्या कैरोजवळील बूलाक येथे 1857 साली आणि पॅरिसला 1858 साली निघाल्या. द स्लान याचे फ्रेंच भाषांतर 1862 ते 1868 या काळात आणि रोझेन्थालचे तीन खंडांचे इंग्रजी भाषांतर 1958 साली प्रसिद्ध झाले.

वाचकांना एकच सूचना करतो. मूळ ग्रंथाचा अनुक्रम भूगोल आणि हवामान यांपासून सुरू होतो, आणि पुष्कळजण तेथेच थकतात. आपण तसे करू नये. प्रथम बर्मकींचे प्रकरण वाचावे, मग वसुलाची आणि जुलमाची प्रकरणे वाचावीत, नंतर संघभावाकडे यावे, आणि पराजित लोक विजेत्यांचा पोशाख, चालीरीती व रिवाज यांचे अनुकरण का करतात या विषयावरचे छोटे प्रकरण दोनदा वाचावे. दीडशे वर्षांची परकी सत्ता भोगलेल्या समाजाला त्याची विशेष गरज आहे.